सुईपाशी चार थेंब

होळी, वसई
३ डिसेंबर २०२४

श्री. अल्पेश वर्तक,
एम्ब्रॉयडरी मशीन विक्री व सर्व्हिस,
सातिवली, वसई पूर्व.

महोदय,

आज, मंगळवार, दि. ३ डिसेंबर रोजी, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी, तुम्ही विकलेल्या आणि तुमच्याच माणसाने सर्व्हिस केलेल्या एम्ब्रॉयडरी मशीनने माझ्या भाच्याच्या झग्यावर छातीच्या मधोमध वीतभर तपकिरी डाग ओढला, सुई मोडली आणि ते बंद पडले. वेळ घड्याळात पाहून लिहिली आहे. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होते. बिघाडाची वेळ आधी टिपायची आणि मग ओरडायचे, ही सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

झगा कसला ते समजून घ्या, म्हणजे या पत्राचा आवाज एवढा चढा का आहे ते कळेल. माझा भाचा ऑस्कर २८ डिसेंबरला धर्मगुरू होतो आहे. बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवतील आणि मग त्याला हा पांढऱ्या सॅटिनचा, मिस्साच्या उपासनेचा झगा घातला जाईल. तो त्याची सख्खी बहीण क्रिस्टिना भरते आहे. तिचे तुळिंजचे घर लहान, म्हणून मशीन माझ्याकडे असते आणि ती रोज येऊन काम करते. झग्याच्या काठाला पानवेल आहे. लोक द्राक्षे भरतात. पण आमच्या वाडीत द्राक्षे कुणी पाहिली? माझ्या भावाने, फ्रेडरिकने, जन्मभर पानमळा राखला आणि त्यावर ही दोन मुले वाढवली. तो आज नाही. म्हणून पानवेल. सॅटिन पुन्हा मिळेल, जरीचा धागा पुन्हा मिळेल. तारीख पुन्हा मिळणार नाही.

आता तुमच्या सर्व्हिसविषयी. दसऱ्यानंतरच्या सोमवारी, १४ ऑक्टोबरला, तुमचा कुशल तांडेल नावाचा माणूस आला. मी चहा टाकायला आत गेले. परत येते तो हा हात पुसत उभा आणि त्याच्या व क्रिस्टिनाच्या गप्पा रंगलेल्या. मला पाहताच दोघेही गप्प! सुईखालची प्लेट त्याने उघडली असेल यावर माझा काडीचाही विश्वास नाही. गप्पा मारायला येणारी माणसे आमच्या आळीत पुष्कळ आहेत, त्यासाठी सातिवलीहून मागवावी लागत नाहीत.

तुम्ही म्हणाल, तुम्हीच मशीन नीट ठेवले नसेल. ऐका. काम सुरू करण्यापूर्वी क्रिस्टिना हुकला तेलाचा एक थेंब देते, दोन नाही. बॉबिनच्या घरातली धाग्याची लव रोज ब्रशने काढते. सुई बोथट व्हायची वाट पाहत नाही. काम संपले की वर जाड सुती कव्हर. मशीन घरी आले त्या दिवशी फादर बर्नार्ड यांनी आशीर्वाद दिला, आणि तेव्हापासून दर शनिवारी रोझरी झाली की मी स्वतः सुईपाशी पवित्र पाण्याचे चार थेंब शिंपडते. नोव्हेंबरात क्रिस्टिना कावीळ होऊन पडली, तीन आठवडे मशीन बंद होते, तेव्हाही मी एक शनिवार चुकवला नाही; उलट हात सैल सोडला. पोटच्या पोराची एवढी निगा कोण राखतो?

तेव्हा जाणता माणूस ताबडतोब पाठवा आणि त्या तांडेलला पुन्हा कोणाच्या मशीनला हात लावू देऊ नका. हे पत्र शेजारचा डेरिक तुमच्या हातात देईल. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या निळ्या खुणांना मी उत्तर मानत नाही.

मार्गारेट लोपीस

*

सातिवली
६ डिसेंबर २०२४

आदरणीय मार्गारेट मॅडम,

सप्रेम नमस्कार. काल मी स्वतः तुमच्याकडे येऊन मशीन पाहिले आणि वर्कशॉपला आणले. तुम्ही दिलेल्या केकबद्दल आभार. तुम्ही तो ज्या पद्धतीने दिलात, त्यावरून मी खायचा की नाही ते कळेना, पण खाल्ला.

मशीन पूर्ण उघडले. सुईखालची प्लेट खालच्या बाजूने गंजली आहे. हुक, म्हणजे धाग्याची गाठ धरणारा फिरता भाग, गंजून घट्ट झाला आहे. आजूबाजूला पांढरट खार जमला आहे. जिभेला लावून पाहिला, खारट आहे. गंज तेलात मिसळून वर आला आणि कापड त्यावरून सरकले, तोच डाग. तेल खराब नव्हते. हुक बदलावा लागेल. पार्ट बाहेरून मागवला आहे.

मॅडम, असा गंज फक्त पाण्याने येतो. पाणी गेले असेल तर कंपनी वॉरंटी देत नाही, हे मला सांगणे भाग आहे. तरी कृपया शांतपणे आठवून बघा, मशीनवर कुठल्याही प्रकारचे पाणी, कुठल्याही कारणाने, पडते का? मी कोणावर आरोप करत नाही. खाडीवरचा खारा वारासुद्धा असू शकतो. तुमची खिडकी पश्चिमेला आहे, हे मी पाहिले. वारा असेल तर तसे लिहून द्या, मी कंपनीशी बोलतो.

कुशलला विचारले. तो म्हणतो, ऑक्टोबरमध्ये सर्व ओके होते. त्याने रिपोर्टमध्येही तसेच लिहिले आहे. गंज दिसला असूनही लिहिला नसेल तर ती मोठी चूक आहे. मी त्याला दोनदा विचारले. तो खाली बघतो.

आपला,
अल्पेश वर्तक

*

होळी, वसई
७ डिसेंबर २०२४

श्री. वर्तक,

तुमचे पत्र मी उभ्याने वाचले, कारण पहिल्या परिच्छेदानंतर बसवेना.

कुठल्याही प्रकारचे पाणी म्हणजे काय हो? नळाचे, विहिरीचे, टँकरचे? त्या खोलीत यातले एकही जात नाही. मशीनच्या टेबलावर पेला ठेवायला बंदी आहे. फुलदाणी मी उचलून व्हरांड्यात नेली. फरशी पुसायची तर बाई पिळलेल्या फडक्याने पुसते आणि मी दारात उभी असते. गेल्या पावसाळ्यात छत गळेल म्हणून मशीनवर ताडपत्री टाकून मी रात्री दोनदा उठून बघत होते. आणि तुम्ही मला आठवून बघायला सांगता! माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. एक्स्चेंजमधले निम्म्या वसईचे जुने नंबर अजून तोंडपाठ आहेत, तुमच्या वडिलांच्या दुकानाचाही.

आणि खारा वारा! होळीत वारा केळींमधून गाळून येतो. खिडकी पश्चिमेला आहे हे तुम्ही पाहिले. ती बंद असते हे पाहिले नाही. जे घडलेच नाही ते मी लिहून द्यायचे, म्हणजे तुमची कंपनी खूश? मला सिस्टरांनी आठ वर्षे शिकवले, त्यात खोटी सही कशी करावी हा विषय नव्हता.

सरळ आहे. तुमच्या माणसाने ऑक्टोबरात प्लेट उघडली नाही, किंवा उघडली आणि आळसाने तशीच लावली. तो खाली बघतो म्हणता. खाली कोण बघतो हे मला माहीत आहे. पस्तीस मुलींच्या हजेरीपटावर मी राज्य केले आहे. चूक केलेली मुलगी पायाच्या अंगठ्याकडे बघते.

माझे म्हणणे आता बदलले आहे. केवळ त्याला दुसरीकडे पाठवून चालणार नाही. तो तुमच्याकडे कामाला असेपर्यंत मी तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि आमच्या पॅरिशच्या महिला मंडळातल्या सात जणींकडे तुमचीच मशिनं आहेत, त्याही ठेवणार नाहीत. झगा कपाटात पडून आहे. डाग पडल्यापासून क्रिस्टिनाच्या तोंडाचे पाणी पळाले आहे. ऑस्करला अजून सांगितलेले नाही. तो सेमिनरीतून दर रविवारी फोन करतो आणि विचारतो, "आत्या, पानवेल कुठवर आली?"

त्याला काय सांगू, ते तुम्ही मला लिहून कळवा.

मार्गारेट लोपीस

*

सातिवली
११ डिसेंबर २०२४

आदरणीय मॅडम,

आपल्या पत्राचा मी नीट विचार केला. तुमच्या भावना समजू शकतो. तुमच्याशी वाद घालायचा नाही.

खाऱ्या वाऱ्यामुळे बिघाड, असे मी माझ्या जबाबदारीवर कंपनीला कळवले आहे. तुम्हाला सही करायची गरज नाही. हुक, प्लेट, सर्व वॉरंटीत बसेल. पार्ट आला की २० तारखेपर्यंत मशीन घरपोच देतो.

कुशल तांडेलला सोमवारपासून कामावरून कमी केले आहे. रिपोर्ट बरोबर लिहिला नाही, हे कारण पुरेसे आहे. तो स्क्रू ड्रायव्हरचा सेट ठेवून गेला.

मॅडम, काही गोष्टी पत्रात लिहिण्यासारख्या नसतात. मी इथलाच आहे, मला सगळ्यांबरोबर राहायचे आहे. तेव्हा विषय इथेच संपवू या. ऑस्कर फादरना माझ्या शुभेच्छा.

आपला,
अल्पेश वर्तक

*

होळी
१३ डिसेंबर

चि. क्रिस्टिना,

तुझा मोबाइल दोन दिवस बंद का? डेरिक तुळिंजला जातोय, त्याच्याकडे ही चिठ्ठी देते.

आपण जिंकलो! वर्तक सरळ आला. सगळं फुकटात दुरुस्त होणार आणि वीस तारखेला मशीन घरी. त्या तांडेलला त्याने काढून टाकलं. बघितलंस? नुसतं मुळूमुळू रडून काही होत नाही, चार खरमरीत ओळी लिहाव्या लागतात. तुझा बापही असाच होता. पानाचा भाव पाडून मागणाऱ्या व्यापाऱ्यालासुद्धा आधी पाणी विचारायचा.

वीसला मशीन आलं की रात्रंदिवस बसावं लागेल. काठ अर्धाच झालाय. डागाचं काय करायचं ते मी बघते. तू एक काम कर. रविवारी मिस्साला येशील तेव्हा फादर बर्नार्ड यांच्याकडून पवित्र पाण्याची नवी बाटली घे. त्यांच्याकडूनच घे, ते जुन्या पद्धतीने मीठ घालून आशीर्वाद देतात. नव्या फादरांचं बिनमिठाचं मला पटत नाही. या वेळी चार थेंबांवर भागवायचं नाही. एवढं विघ्न आलं, त्याला तेवढाच उतारा.

आणि जेवत जा.

आत्या

*

तुळिंज, नालासोपारा
१५ डिसेंबर

प्रिय आत्या,

आज मी मुद्दाम आमच्या इथल्या चर्चला गेले, होळीला आले नाही. बाटली आणलेली नाही. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितेय. हे पत्र शेवटपर्यंत वाच. मध्येच ठेवून मला फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

काल संध्याकाळी इथल्या बाजारात गेले होते. कोपऱ्यावर एक मावशी बसतात, अर्नाळ्याच्या. मी नेहमी त्यांच्याकडून बोंबील घेते. काल त्यांच्यासमोर उभी राहिले, तर त्यांनी टोपलीवर फडकं टाकलं. म्हटलं, "मावशी, संपले?" त्या म्हणाल्या, "हायत. तुला नाय." मग सगळ्या बाजारासमोर म्हणाल्या, "तुझ्या होळीच्या मॅडमनं माझ्या पोराचं काम खाल्लं. पानी कोनी टाकलं, जा, विचार तिला."

त्या कुशलच्या आई आहेत. मला ते ऑक्टोबरपासून माहीत होतं, त्यानेच सांगितलं होतं.

आत्या, त्या दिवशी आम्ही गप्पा मारत नव्हतो. तू चहा टाकायला गेलीस आणि त्याने प्लेट उघडली. उघडली होती, तुझ्या पत्रात आहे ते खरं नाही. खाली गंजाचे ठिपके होते आणि पांढरी पूड. तो म्हणाला, "ताय, इथं पानी कुठून आलं?" मी खरं ते सांगितलं. आत्या दर शनिवारी पवित्र पाणी शिंपडते, आणि ते पुसायचं नसतं, आपोआप सुकू द्यायचं असतं. मला वाटलं, हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "आम्ही पन दसऱ्याला होडीच्या इंजिनाला हळद-कुंकू लावतो. पन झाकन बंद करून, वरून. देवाला झाकनावरून पन पोचतं."

मग त्याने सगळं घासून काढलं, तेल दिलं. रिपोर्ट लिहिताना थांबला. म्हणाला, पाणी लिहिलं तर तुमची वॉरंटी गेली. पार्ट लई महाग. मी ओके लिहितो, तुम्ही फक्त मॅडमना सांगा, सुईपाशी नको, वरच्या पत्र्यावर शिंपडा. मी म्हटलं, सांगते. तेवढ्यात तू चहा घेऊन आलीस आणि आम्ही गप्प झालो.

मी सांगितलं नाही. प्रत्येक शनिवारी वाटायचं, आज सांगू. तू डोळे मिटून, डॅडींचं नाव घेऊन शिंपडायचीस. त्यात काय बोलणार? आणि खरं सांगू, तुझी भीती वाटते. आम्हाला सगळ्यांनाच वाटते. ऑस्करलासुद्धा, तो आता फादर होतोय तरी.

पण कुशल माझ्यामुळे गप्प राहिला. वर्तक साहेबांनी दोनदा विचारलं तरी बोलला नाही. का, ते मला कळत नाही. मी त्याची कोणी नाही. आणि वर्तक साहेबांना माहीत नसेल असं तुला वाटतं? तू स्वतःच पहिल्या पत्रात त्यांना लिहिलंस. मला वाचून दाखवलं होतंस, आठव. चार थेंब.

त्यांनी जिभेला लावून पाहिला तो पांढरा खार फादर बर्नार्ड यांच्या मिठाचा आहे.

कुशल पुन्हा कामावर जाईपर्यंत मी त्या झग्याला टाका घालणार नाही. ऑस्करला तसं सांगायला मी तयार आहे. तुला राग येऊ दे.

तुझी,
क्रिस्टिना

*

होळी
१६ डिसेंबर

क्रिस्टिना,

तुझं पत्र वाचलं. शेवटपर्यंत. फोन केला नाही, म्हणजे मी काय आवरलं असेल ते तुझं तुला कळेल.

दुपारी फादर बर्नार्ड यांच्याकडे गेले. मला वाटलं, ते तरी म्हणतील की आशीर्वादाच्या पाण्याने कधी गंज येतो का. ते बराच वेळ हसले. म्हणाले, "मार्गारेट, घराला आशीर्वाद देताना मी विजेच्या मीटरवर पाणी मारतो का?" मी तिथून चहा न घेता उठले. उद्या राग गेला की जाईन.

मला घाबरता, हे वाचून बरं वाटलं नाही. एक्स्चेंजमध्ये मुली घाबरायच्या, त्याची मला मजा वाटायची, ते आठवलं. पण तू दोन महिने तोंड शिवून बसलीस आणि एका पोराला त्यात बुडू दिलंस, हेही मी विसरणार नाही. आपण दोघी एकाच बाकावर.

उद्या सकाळी ये. वाटेत बाजारात जा आणि त्या मावशींकडून बोंबील घे. देणार नाहीत. तरी उभी राहा.

डाग जात नाही. लिंबू, मीठ, सगळं करून झालं. (मीठ! त्यानेच केलं आणि त्यानेच काढू पाहतेय.) त्यावर मी हाताने पान भरायला घेतलंय, सिस्टर जोआना शिकवायच्या तसं, एकेक धागा सुटा करून. बाकीच्या पानांपेक्षा ते मोठं होणार. होऊ दे. काठ मात्र हाताने भरायला माझे डोळे पुरणार नाहीत, आणि तू टाका घालणार नाहीस म्हणतेस. म्हणजे मला पुन्हा वर्तकला लिहिणं आलं.

आत्या

*

होळी, वसई
१७ डिसेंबर २०२४

श्री. अल्पेश वर्तक यांस,

तुमचे ११ तारखेचे पत्र समोर ठेवून लिहिते आहे. या वेळी बसून.

मशीनमध्ये पाणी गेले. ते मी घातले. दर शनिवारी, सुईखालच्या प्लेटच्या भोकातून थेट हुकवर पडेल असे, मीठ घातलेले, आणि न पुसता. नोव्हेंबरात मशीन चालत नव्हते, तेल मिळत नव्हते, तेव्हा जास्त घातले. खारा वारा वगैरे काही नाही. हे मी सहीनिशी लिहून देत आहे, तुमच्या कंपनीला हवे तर दाखवा. वॉरंटी जाते? जाऊ द्या. दुरुस्तीचे बिल माझ्या नावाने करा, मला पेन्शन आहे. कुशल तांडेलने ऑक्टोबरात प्लेट उघडली, गंज पाहिला, साफ केला, आणि काय करू नये ते माझ्या भाचीला सांगितले. तिने मला सांगितले नाही, कारण मला काही सांगायचे म्हणजे लोकांना दोन महिने लागतात. त्याने रिपोर्टमध्ये ते लिहायला हवे होते. नाही लिहिले, ही त्याची चूक. पण ती आमचे नुकसान होऊ नये म्हणून केली. माझी ७ तारखेची त्याच्याविषयीची सर्व वाक्ये मी मागे घेते. अंगठ्याकडे बघण्याचे वाक्य विशेषकरून.

माझे झाले. आता तुमचे.

तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होते. मी स्वतःच्या अक्षरात तुम्हाला कळवले होते की मी सुईपाशी पाणी शिंपडते. तुम्ही खार जिभेवर ठेवलात. तुम्ही तुळशीदास वर्तकांचे चिरंजीव. तुमच्या वडिलांनी आमच्या वेशीवरच्या क्रुसाशेजारी चाळीस वर्षे दुकान चालवले, दर सणाला आमचा केक खाल्ला आणि माझ्या भावाला तोंडावर सांगितले की तुझी पाने किडकी आहेत. आणि तुम्हाला मला एक ओळ लिहिता आली नाही की बाई, तुमच्या पवित्र पाण्याने हुक गंजला? काही गोष्टी पत्रात लिहिण्यासारख्या नसतात म्हणे! मग कुठे लिहितात? तुम्हाला वाटले, म्हातारी चिडेल, धर्माचा विषय आहे, सात मशिनं हातची जातील. त्यापेक्षा एका अर्नाळ्याच्या पोराला घरी बसवणे सोपे. याला तुम्ही सगळ्यांबरोबर राहणे म्हणता. मी याला माझा अपमान म्हणते. तुम्ही मला खरे ऐकण्याच्या लायकीची समजला नाहीत. आणि हा अपमान मी ओढवून घेतला होता, हे मला कळते, म्हणून तो दुप्पट झोंबला.

कुशल तांडेलला कामावर परत घ्या. रजेवर होता म्हणा, काहीही म्हणा, पण ज्या हुद्द्यावर होता त्याच हुद्द्यावर. २० तारखेला मशीन घेऊन तोच येईल आणि तोच बसवेल. तेव्हा मी चहा टाकायला आत जाणार नाही, शेजारी उभी राहीन, आणि प्लेट कशी उघडायची ते तो मला दाखवेल. महिला मंडळातल्या सात जणींना मी काल मशीनभोवती काय शिंपडू नये ते सांगितले. त्यातल्या तिघी एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांची मशिनं आधी तपासा. तुम्हाला लागेल तेवढे काम मिळेल, आणि माणूसही लागेल.

तुम्ही त्याला घेतले नाही, तर मशीन तुमच्याकडेच ठेवा. माझी भाची त्या झग्याला हात लावणार नाही, आणि खरे सांगते, मीही लावू देणार नाही. ऑस्कर २८ तारखेला चर्चमधला जुना झगा घालून धर्मगुरू होईल. त्याला काल सगळे सांगितले. तो म्हणाला, "आत्या, चालेल. पण मग डॅडींचा वेल?" ते उत्तर तुमच्या हातात आहे.

मला लेखी उत्तर हवे. कुशल तांडेल परत कामावर आहे, एवढे एकच वाक्य, तुमची सही, आणि त्याखाली त्याची. गुरुवार, दि. १९ डिसेंबर, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत ते माझ्या दारात पोचले पाहिजे. एक मिनिट उशीर झाला, तर शुक्रवारी सकाळी मी डेरिकच्या रिक्षाने सातिवलीला येईन आणि तुमच्या गाळ्यात खुर्ची टाकून बसेन. तिथे मशिनं पुष्कळ आहेत, झाकणे उघडी टाकलेली. माझ्यापाशी फादर बर्नार्ड यांची बाटली अजून अर्धी शिल्लक आहे.

मार्गारेट लोपीस